थंड पेटी

बेतूलची सुकांती पागी
माझ्या हातातल्या निळ्या पेटीकडे बघते.
"बर्फांत कितें व्हरता गो बाय?"
तिला बर्फ कळतो.
पहाटे धक्क्यावर बांगड्याच्या थरावर थर
कसा फोडून पसरायचा, गोणपाट कधी भिजवायचं.
मी सांगते, शेंबूड.
ती हसत नाही.

गौरांग सात महिन्यांचा.
तीन दिवस ताप, खोकला,
दूध तोंडात घेऊन तसंच सोडून देणं.
नाकात काडी घालते तेव्हा
तो माझं मनगट पकडतो, असेल नसेल तेवढ्या बळाने.
गुलाबी पाण्यात काडी मोडते. टक्.
नाव, वय, तारीख, खाट.

त्याच्या बरगड्यांखाली दर श्वासाला खळगा पडतो.
डॉक्टर मोजतात, मिनिटाला चौसष्ट.
सुकांती मोजत नाही.
म्हणते, टोपलीतला मासा असेच कल्ले उघडतो
अजून जिवंत असला तर,
आणि ते गिऱ्हाइकाला मुद्दाम दाखवायचं असतं.
मग पदर तोंडात धरते,
आपण काय बोललो म्हणून.

पुरुषांच्या वॉर्डात कायतान फुर्ताद, एकाहत्तर,
कुडतरीचा तारवटी.
रॉटरडॅमला ताप काढले, सांतोसला काढले,
नाकात कोणी डोकावलं नव्हतं कधी.
शेजारी रोहिदास च्यारी, बोरीचा, बत्तीस.
चवथीच्या आत त्याला एका घरची माटोळीची चौकट
करून द्यायची आहे.
ऑक्सिजनच्या नळीआडून तो मला मापं सांगतो,
आणि मी लिहून घेते, का कोण जाणे.

खाली यंत्र रात्रभर घुरघुरतं.
पडद्यावर रेघा आडव्या पडलेल्या.
पंचविसाव्या फेरीला एक मान वर करते.
गौरांग: आरएसव्ही.
कायतान: आरएसव्ही.
नळ्या बदलल्या असतील म्हणून पुन्हा तपासलं.
नव्हत्या बदलल्या.
सकाळी कायतान खोकत खोकत हसला,
"म्हाका भुरग्यांचें दुयेंस!"
मग गप्प झाला.
शिंकणाऱ्या नातीला कडेवर घेऊन
आठवडाभर कोण फिरत होतं, ते आठवलं असावं.

काणकोणच्या शालनला इन्फ्लुएंझा ए.
तिच्या गोळ्या सुरू झाल्या.
कोपऱ्यातल्या पोराला अडेनो,
त्याच्या बहिणीला नुसता ऱ्हायनो.
म्हणजे सर्दीचाच ना, असं विचारून
त्यांची आई इतकी रडली की बहीण घाबरली.

रोहिदास: काही नाही.
परत लावलं. काही नाही.
शिकवली तेवढीच नावं येतात यंत्राला.
ताप एकशे तीन, एक्स-रेत उजवीकडे पांढरट डाग,
आणि कागदावर, विषाणू आढळला नाही.
त्याची बायको वाचते.
"म्हणजे बरे झाले हे?"
म्हणजे ओळख पटली नाही अजून.
ती थोडा वेळ कागदाची घडी घालत बसते.
दिष्ट काढू का, म्हणते,
मीठ आणलंय, मिरच्या आणल्यात.
वॉर्डात धूर चालत नाही, मी म्हणते.
मीठ चालेल.

पाचव्या दिवशी पेटी धुऊन
खिडकीत पालथी घातलेली सुकांतीला दिसते.
"ताजं राहिलं?"
राहिलं.
"नाव मेळ्ळें?"
मिळालं.
"आणि वखद?"
त्याला औषध नाही. श्वासाला आधार द्यायचा,
थोडं थोडं पाजायचं, वाट बघायची.
ती पेटीकडे बघते, माझ्याकडे बघते.
तेवढ्यासाठी एवढा बर्फ, असं म्हणत नाही.
मांडीवर गौरांग दूध ओढतो, थांबतो,
दम घेतो, पुन्हा ओढतो.
ती त्याचे कल्ले बघत राहते.

माझ्या खिशात हातमोज्यांचं रिकामं पाकीट,
त्यावर पेनाने:
चार फूट लांब, अडीच रुंद, पट्टी दीड इंची.
चवथीला अकरा दिवस आहेत.